हमीदा आपांच्या मेथीचं पाणी

आपा,

तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आलेली एक बाई दारातल्या ढिगात आपली चप्पल शोधता शोधता दुसरीला म्हणाली, "बाई लई चांगल्या होत्या. कुणाचं वाईट केलं न्हाई कधी. तेवढं ते भाजीत केमिकल घालायच्या म्हणे."

"हाव. केमिकलवाल्या आपा म्हणत्यात त्या ह्याच की."

दोघींनी मनापासून हळहळ केली, चपला घातल्या आणि गेल्या.

मी उंबऱ्याशी उभी होते. चौकात भोंग्याशिवाय बोलून रिक्षा थांबवणारी मी, पण त्या दोन बायांना थांबवायला मला एक शब्द सापडला नाही. कारण त्यांनी वापरलेला शब्द त्यांचा नव्हताच, माझा होता. मी तो लिहिला, छापून आणला, मेसच्या दारादारात उभं राहून वाटला. तुम्हाला माती देऊन तीन दिवस झाले, आणि माझा शब्द अजून गल्लीत फिरून राहिला.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पत्रकवाली, तुझा माल टिकाऊ हाय गं. माझी मेथी तर दोन दिवसांत सुकती."

हसू नका आपा. आज नको.

ते पत्रक काढलं तेव्हा मी लातुरात राहत होते. लोह्याहून बारावीला आले, मेडिकलला नंबर लागला नाही, परत जायची लाज वाटली म्हणून बी.ए.ला नाव घातलं आणि विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत शिरले. भूकंपात जिल्ह्यातली गावंच्या गावं मातीत गेली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शहरात क्लासेसच्या इमारती वर आल्या. एका खोलीत चार कॉट, चारही कॉटवर डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी, आणि त्या पोरींना दोन वेळा काय खाऊ घालतात हे विचारणारं कुणी नाही. मी विचारायचं ठरवलं. ते ठरवणं चूक नव्हतं. ते मी आजही मागे घेणार नाही, तुम्ही कितीही भुवई उंच करा.

आमच्या खोलीमागच्या गल्लीत तुमचं पत्र्याचं शेड होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर काचेच्या नळ्या धुतल्यावर, घरी बसवेना म्हणून तुम्ही ते काढलं होतं. सकाळी चार बाया मेथी निवडायच्या, कोथिंबीर, कांद्याची पात, कोबी चिरायच्या. आसपासच्या मेसला तयार चिरलेली भाजी इथून जायची. आणि त्यातली निम्मी ताटात कच्चीच पडायची. घोळाणा लागतो ना आपल्याकडच्या पोरींना. कच्ची मेथी, कांदा, मिरची, दाण्याचा कूट, वरून तेल-मीठ. घरापासून लांब पडलेल्या पोरीला भाकरीबरोबर घोळाणा मिळाला की आईनं वाढल्यासारखं वाटतं. भाजी शिजवली तर जंतू मरतात, हे पाचवीतलं लेकरूही सांगेल. पण घोळाण्याला चूल नाही. जे काय करायचं ते पाण्यातच करायचं. तुमचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं होतं, आणि मला ती माहीत नव्हती.

मी एका सकाळी शेडच्या जाळीतून आत पाहिलं. ब्लिचिंग पावडरचा वास आला, गटारीवर मारतात तोच. मग तुम्ही टबातलं पाणी काचेच्या बारीक नळीत घेतलंत, तपकिरी बाटलीतले दोन थेंब टाकलेत आणि नळीतलं पाणी नारिंगी झालं. मिरिंड्यासारखं नारिंगी! पालेभाजीच्या टबातलं पाणी!

मला आणखी काही बघायची गरज वाटली नाही. संध्याकाळी मजकूर तयार होता: "गटाराची पावडर आणि नारिंगी ॲसिड तुमच्या ताटात! ही केमिकलवाली आपा कुणाच्या आशीर्वादानं विद्यार्थ्यांच्या जिवाशी खेळते?" प्रश्नचिन्हाच्या पुढं मी दोन उद्गारचिन्हंही टाकली होती. एवढं लिहिलं, पण जाळीचं दार ढकलून, चार पावलं आत येऊन, "आपा, हे काय आहे?" एवढं विचारलं नाही. संघटनेत आम्हाला शिकवलं होतं की लोकांना सोपं करून सांगा. मी सोपं केलं. ते खरं आहे का, एवढंच बघायचं राहिलं.

पत्रक लागू पडलं, आपा. माझं इतकं कोणतंच पत्रक लागू पडलं नव्हतं. आठवड्याच्या आत आमच्या मेसचे बिराजदार काका दारावर पाटी रंगवून मोकळे झाले: "आमच्याकडे केमिकलमुक्त भाजी. मिठाच्या पाण्यात धुतलेली." त्यांचं बघून शेजारच्यांनी पाट्या लावल्या. तुमच्या शेडमधल्या चार बायांपैकी तिघी घरी बसल्या. आम्ही टपरीवर एकमेकांना चहा पाजला. विजय म्हणून.

बिराजदार काका वाईट माणूस नाही, हे मी आता म्हणू शकते. त्यांनी खरंच मीठ टाकलं. सकाळी एक टब भरायचा, त्यात मूठभर मीठ, आणि दिवसभराच्या सगळ्या जुड्या त्याच टबात बुचकळायच्या. पाणी बदलायचं म्हटलं तर आणायचं कुठून? टँकरसाठी हंड्यांच्या रांगा लागत होत्या. दुपारपर्यंत टबाचा चहा झालेला असायचा. पोरी तोच घोळाणा बिनधास्त खायच्या. पाटीवर लिहिलं होतं ना, केमिकलमुक्त.

बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि आमच्या इमारतीतल्या पोरी एकामागून एक आडव्या झाल्या. उलट्या, जुलाब, ताप. बाकीच्या तीन-चार दिवसांत उठल्या. माझ्या शेजारच्या कॉटवरची वैशाली उठली नाही. देवणीची पोरगी, वर्गात कायम पहिली, झोपेतही सूत्रं पुटपुटायची. तिला सलाईन लागलं तेव्हा फिजिक्सचा पेपर चालू होता. हाताला सुई, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं चादरीवर ती आकृती काढत होती. वडील घ्यायला आले. म्हणाले, "पुढच्या वर्षी बसंल." पुढचं वर्ष आलंच नाही. उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली.

वैशाली दवाखान्यात असतानाच मी तुमच्याकडं आले. खरं सांगते, माफी मागायला नव्हते आले. भांडायला आले होते. माझ्यासारख्या माणसाला घाबरल्यावर दुसरं काही येत नाही.

तुम्ही शेडमध्ये एकट्याच मेथी निवडत होतात. वर न बघता म्हणालात, "ये. तूच ना ती? कागद चांगला वापरतीस. मागून कोरा हाय. मी त्याच्यावर बायांच्या पाळ्या लिहायची. आता पाळ्याच न्हाईत."

"आमच्या इमारतीत पोरी आजारी पडल्यात," मी ओरडले. "तुमचीच भाजी असणार."

"माझी भाजी तिथं जायची बंद होऊन तीन आठवडे झाले, बेटा."

तुम्ही देठ खुडत राहिलात. मग माझ्या तोंडातून निघालं, "मग माझ्यामुळं झालं का हे?"

तुम्ही 'न्हाई गं' म्हणाल, असं मला वाटलं होतं. म्हातारी माणसं म्हणतात. तुम्ही म्हणालात, "मला काय माहीत? पाणी फेकलं, मेथी खाऊन झाली. आता तपासू काय, तुझं तोंड? पुरावा नसताना माणसाला गुन्हेगार म्हणायचं काम तुझं हाय. माझं न्हाई."

चाबूक बसावा तसं ते बसलं. आणि तेवढ्यावर न थांबता तुम्ही हात धुवायला लावून मला कामाला बसवलंत.

दोन टब मांडलेत. एकात साधं पाणी. दुसऱ्यात तुमचं पाणी. ब्लिचिंग पावडर आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळ तेवढी मापानं टबात घालायची. पावडर कोरडी हवी, उघडी राहिलेली नको, तिचा दम जातो.

"हे औषध भाजीला न्हाई," तुम्ही म्हणालात. "पाण्याला हाय."

मला कळलं नाही. तुम्ही कपाळाला हात लावलात.

"अगं, शंभर जुड्यांत एखादी खराब असती. नाल्याच्या पाण्यावरची, न्हाई तर शेणाच्या हातानं बांधलेली. ती साध्या टबात बुडवली की तिची घाण पाण्यात, आणि पाण्यातनं बाकीच्या समद्या जुड्यांत. आपल्याला वाटतं धुतलं. खरं तर वाटून दिलं. तुझ्या पत्रकासारखं."

"आणि मीठ?"

"मिठानं अळी निघती. तेवढंच. निवळीचं पाणी घाणीला वाटेतच मारतं, दुसऱ्या जुडीपत्तूर जाऊ देत न्हाई. पर पानात घुसून बसलेलं त्याच्यानं बी निघत न्हाई, ते बी ध्यानात ठेव. म्हणून मेथी कुणाच्या विहिरीवरची, ते आधी बघायचं. पाण्यानं समदं निघतं असं म्हणणारा बी खोटा, आन् समदं जहर म्हणणारा बी खोटा."

मग तीच तपकिरी बाटली. नळीतलं पाणी नारिंगी झालं म्हणजे टबात अजून पावडरीचा जोर आहे. माती आणि पाला पडत गेला की जोर सरतो आणि रंग पिवळ्यावर येतो. तसा आला की टब मोरीत ओतायचा, टँकर येवो न येवो. टबातून काढलेली भाजी दोनदा पिण्याच्या पाण्यातून काढायची. त्या शेवटच्या पाण्याची नळी पुन्हा तपासायची. ती जेमतेम पिवळी दिसली पाहिजे, इतकी फिकट की तुम्ही ती पांढऱ्या ओढणीवर धरून डोळे बारीक करून बघायच्यात. आणि थेंब टाकलेलं नळीतलं पाणी नेहमी मोरीत. ते थेंब भाजीच्या वाटेला कधी गेलेच नव्हते. मी ज्याला नारिंगी ॲसिड म्हणून मोठ्या टायपात छापलं, ते तुमचं पाण्याची नाडी बघणं होतं.

हे सगळं आख्ख्या पानांचं. चिरायचं त्याच्या नंतर, कारण चिरलेल्या कडेतून रस सुटतो आणि जंतूला तेच हवं असतं. चिरून झालं की पुन्हा एकदा निवळीच्या ताज्या पाण्यात बुडी, पुन्हा पिण्याचं पाणी. मग तुम्ही ओली भाजी मलमलीच्या फडक्यात बांधलीत आणि मला तुमच्या घराच्या गच्चीवर नेलंत. गाठोडं हातात देऊन म्हणालात, "फिरव."

मी फिरवलं. गरगर. पाण्याचे थेंब माझ्या चष्म्यावर, तुमच्या ओढणीवर, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर. शेजारीण ओरडली. तुम्ही खाली बसून हसत होतात. "ओली भाजी डब्यात कोंडली की जंतूंचा पाहुणचार. अजून फिरव. मोर्च्यात हात वर करतीस ना, तसा कर!" वैशाली दवाखान्यात होती आणि मी गच्चीवर हसत होते. त्याची लाज मला त्या दिवशी वाटली, आजही वाटते. तरीही त्या हसण्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. त्या आठवड्यात मला माणसासारखं दुसऱ्या कुणीच वागवलं नव्हतं.

मी वाद घालत राहिले. सिरका का नाही वापरत? "सिरक्यानं होतं थोडंफार, पर घोळाणा आंबट लागतो. पोरी टाकून देतात. टाकलेली भाजी लई सुरक्षित असती." विहिरीत टाकतात ती लाल दवा? "कोथिंबीर काळवंडती." ओझोनचं मशीन विकायला एक टायवाला आला होता, त्याला तुम्ही चहा दिलात, सगळं समजून घेतलंत, चार प्रश्न विचारलेत. मी म्हणाले, हे कंपन्यांचे धंदे. तुम्ही म्हणालात, "मशीन झूठ न्हाई. पर आपल्याकडं भारनियमन. लाईट गेली की ते मशीन बी डबाच." तुम्हाला कुणाचाच राग यायचा नाही, याचाच मला राग यायचा.

एकदा मी विचारलं, घोळाण्याचा एवढा हट्ट कशाला? शिजवून द्या, सुटेल प्रश्न. त्या दिवशी तुम्ही भूकंपाचं सांगितलंत. एरवी तुम्ही त्यावर बोलायच्या नाहीत.

कॉलेजनं तुम्हाला छावणीत टाक्यांचं पाणी तपासायला पाठवलं होतं. हीच तपकिरी बाटली, ह्याच नळ्या. ट्रकच्या ट्रक पुरी-भाजी येत होती, बुंदी येत होती. एक बाई कशालाच हात लावत नव्हती. तिच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती पहिलं वाक्य बोलली, "घोळाणा दे." गावच्या कडेला वाफ्यात मेथी उभी होती, वाफ्याचा मालक नव्हता. डॉक्टर म्हणाले, कच्चं काही द्यायचं नाही, साथ येईल. त्यांचं बरोबरच होतं. तुम्ही मेथी आणलीत, टाकीच्या पाण्यात धुतलीत, तीनदा नळी तपासलीत, आणि कांद्या-मिरचीसकट तिच्या हातावर ठेवलीत. ती पोटभर जेवली आणि मग, चार दिवसांत पहिल्यांदा, रडली.

"आन् मी?" तुम्ही म्हणालात. "मी तीन दिवस तिच्या तंबूबाहेर बसून. आत जुलाबाला पळती का, बघत. नमाज बी तिथंच. काय झालं न्हाई तिला. पर ते तीन दिवस मी इसरली न्हाई. दुसऱ्याच्या तोंडात कच्चं घालायचं म्हणजे असं बसावं लागतं, बाहेर."

मी म्हणाले, "आपा, हा हक्काचा मुद्दा आहे. पाण्याचा, अन्नाचा."

"झालं. निघाली पत्रक लिहायला."

पत्रकच तर मागितलं होतं तुम्ही. एकच गोष्ट मागितलीत माझ्याकडं. माफी नाही, सत्कार नाही. "दुसरं एक पत्रक काढ. त्यात मेथी कशी धुवायची ते लिही. माझं नाव नको. मेसवाल्यांना वाचता येईल असं लिही." बस.

पहिला मसुदा मी दोन दिवसांत आणला. तुम्ही चष्मा लावून सगळा वाचलात. "यात मेथी कुठंय?" खरंच नव्हती. त्यात मेसमालकांची मग्रुरी होती, क्लासवाल्यांची लूट होती, पाण्याचं राजकारण होतं. दुसऱ्या मसुद्यात मी होते: माझी चूक, माझी झोप उडणं, माझे अश्रू. तुम्ही तो परत केलात. "यात बी मेथी न्हाई. तू हाईस. तुला काय निवळीत बुडवू?" तिसऱ्यात मेथी आली. तो मी संघटनेत दाखवला. तिथं म्हणाले, आपणच आपलं पत्रक खोटं ठरवायचं? उद्या एकही मेसवाला आपल्याला दारात उभं करणार नाही. प्रश्न एका बाईचा नाही, चळवळीचा आहे.

आणि मी मान हलवली, आपा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला मी सांगितलं की छापखान्याला वेळ नाही. नंतर सांगितलं, माझी बदली संघटनेच्या नांदेडच्या कचेरीत झाली, तिथून काढते. नांदेडला गेल्यावर किती पत्रकं काढली असतील मी! बसपासवर, फीवर, वसतिगृहावर. छपाईची शाई नखातून निघायची नाही. मेथीचा मसुदा पिशवीच्या तळाशी, पहिल्या पत्रकाच्या उरलेल्या गठ्ठ्याबरोबर.

दोनेक महिन्यांखाली, लातूरला आले तेव्हा, तुम्ही पहिल्यांदा चिडलात. तुमची लेक रुबीना चहा घेऊन आली होती, तीही दारात थबकली. तुम्ही म्हणालात, "तुला लोकांचं भलं करायचं हाय का लोकांवर ओरडायचं हाय, ते एकदा ठरव. दोन्ही जमत न्हाई म्हणत न्हाई मी. पर ठरव." मी म्हणाले, तुम्हाला राजकारण कळत नाही. तुम्ही म्हणालात, "हाव, न्हाई कळत. पाणी कळतं." मी चहा तसाच टाकून उठले. अहमदपूरपर्यंत बसमध्ये तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि लोहा येईपर्यंत जिंकलेही होते. आपलं शेवटचं बोलणं ते. तुम्ही गेल्याचा रुबीनाचा फोन छापखान्यावर आला तेव्हा मी शाळांच्या फीवाढीचं प्रूफ तपासत होते.

जियारत आटोपल्यावर रुबीनानं मला आत बोलावलं आणि रुमालात बांधलेली वस्तू हातात दिली. तपकिरी बाटली आणि दोन नळ्या. "अम्मी म्हणायची, ती पत्रकवाली येती का बघ, तिला दे. मी म्हटलं, अम्मी, तिनंच तर तुझं नाव खराब केलं. तर म्हणाली, नाव धुऊन निघतंय, मेथी आधी." एवढं सांगून रुबीना माझ्याकडं बघत राहिली. तिनं मला माफ केलेलं नाही. तिनं करूही नये.

मी तिथून सरळ बिराजदार काकांच्या मेसवर गेले. ही कालची गोष्ट. पाटी तशीच आहे, रंग थोडा उडालाय. आत पंधरा-वीस पोरी जेवायला बसायच्या बेतात. मागच्या मोरीत तोच टब, तेच चहासारखं पाणी, कडेला मेथीचा ढीग. काकांनी ओळखलं. "अरे, ताई! या, या. तुमच्या त्या कागदापासून बघा, आपण केमिकलला शिवलो न्हाई."

मी टबातलं पाणी फडक्यातून नळीत गाळून घेतलं, दोन थेंब टाकले. काही झालं नाही. ना नारिंगी, ना पिवळं. माती दिसत होती, बाकी रंग नाही.

काकांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि पोरींपुढं उंच धरली. "बघा गं पोरींनो! ह्या ताईनी मशीन लावून तपासलं. काही म्हणजे काही निघालं न्हाई. शुद्ध!"

पोरी टाळ्या वाजवणार होत्या, आपा. एकीनं तर ताट पुढं ओढलंही.

मी खूप सभा केल्यात. त्या पोरींपुढं बोलायला जेवढं जड गेलं तेवढं कधी गेलं नव्हतं. मी म्हणाले, "काही निघालं नाही म्हणजे पाण्यात जोर नाही. यातली एक जुडी खराब असली तरी सगळ्यांच्या ताटात येते. केमिकलवाली आपा म्हणून जे पत्रक निघालं होतं ते मी लिहिलं होतं. न विचारता लिहिलं. ते खोटं होतं. त्या बाई तुमचा घोळाणा जपत होत्या."

काका लाल झाले. "म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोलला का आत्ता बोलून राहिला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मग कोपऱ्यातली एक बारकी पोरगी, अजून घराची धूळ पायावर असेल अशी, म्हणाली, "ताई, ते असू द्या. आज खायचं का न्हाई?"

या प्रश्नाला माझ्या कुठल्याच पत्रकात उत्तर नव्हतं. तुमच्याकडं होतं. मी बाह्या वर केल्या. टब ओतला. काका पाण्यासाठी ओरडले, मी म्हणाले, माझ्या नावाचा हंडा रांगेत लावा. तुमच्या शेडच्या फळीवर घट्ट झाकणाच्या डब्यात पावडर होती, रुबीनानं न बोलता दिली. कालवली, निवळ बसू दिली, मापानं घातली. नळी नारिंगी झाली तशी दोन पोरी मागं सरकल्या. सगळी मेथी एक-एक मूठ करून काढली. दोनदा पिण्याच्या पाण्यातून. ती बारकी पोरगी गाठोडं घेऊन गच्चीवर गेली आणि फिरवून भिजून आली.

राहिलं शेवटचं पाणी. नळीत घेतलं, थेंब टाकले, आणि दिसेना. पिवळं आहे की नाही, मोरीच्या काळ्या फरशीपुढं काही कळेना. तुमच्यासारखी पांढरी ओढणी माझ्याकडं नव्हती. मी पिशवीत हात घातला. तळाशी तो जुना गठ्ठा होता. एक पत्रक काढलं, उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर नळी धरली.

दिसलं, आपा. फिकट पिवळं. जेमतेम.

सगळ्या पोरी जेवल्या नाहीत. निम्म्यांनी घोळाणा बाजूला सारला, वास येतो म्हणाल्या. तो येत नव्हता, पण तो वास त्यांच्या नाकात मीच घातलाय, लवकर जायचा नाही. काकांनी पाटी काढली नाही. बारक्या पोरीनं मात्र दोनदा मागून घेतलं.

आज मी नांदेडला गेले नाही. मेसच्या पायरीवर बसलेय. मांडीवर ते कालचं पत्रक आहे, कोरी बाजू वर. तिच्यावर पहिली ओळ लिहिलीय, 'मेथीची जुडी आधी सोडा.' मधून मधून आत डोकावते. ती पोरगी पुस्तक घेऊन बसलीय. अजून तरी पोट धरून उठलेली नाही. उद्याही बसेन. परवाही.